परवाना मिळाल्यानंतरचे पहिले काही महिने : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

नव्याने वाहन चालवू लागलेल्या तरुणांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. बहुतेक पत्रे पालकांची आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा रीतसर प्रशिक्षण घेऊन गाडी शिकला आणि परीक्षा पहिल्याच फेरीत उत्तीर्ण झाला. चढावर गाडी उचलणे, अरुंद जागेत मागे घेऊन लावणे, गिअर बदलणे हे सारे तो सफाईने करतो. मी स्वतः त्याच्या शेजारी बसून पाहिले आहे. तरीही नवख्या तरुणांचे अपघात अधिक होतात, असे सतत वाचण्यात येते. गाडीवर हात बसलेला असेल, तर धोका नेमका कशाचा?

उत्तर : गाडीवर हात बसणे वेगळे आणि रस्त्यावर नजर बसणे वेगळे. पहिली गोष्ट दुसरीपेक्षा फार लवकर साधते. क्लच, गिअर आणि स्टिअरिंग अंगवळणी पडायला काही आठवडे पुरतात. पण समोर जे दिसते आहे त्यातले महत्त्वाचे काय, कुठून कोण आडवे येऊ शकेल आणि पुढच्या तीन-चार सेकंदांत काय घडेल, हे आपसूक ओळखू येण्यासाठी बरेच महिने जावे लागतात. परवान्याच्या परीक्षेत मुख्यतः हात तपासला जातो. आपल्या मुलाने ती परीक्षा उत्तम दिली असेल, परंतु त्यावरून त्याच्या नजरेविषयी फारसे काही कळत नाही.

अमेरिकेतील मोरंट आणि रॉकवेल या संशोधकांनी नवशिक्या व अनुभवी चालकांच्या नजरेच्या हालचाली टिपून १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नवशिक्यांची नजर गाडीच्या अगदी पुढ्यातल्या रस्त्यावर, लहानशा भागात घुटमळत होती आणि आरशांकडे ते क्वचित पाहत होते. अनुभवी चालकांची नजर दूरवर आणि दोन्ही कडांपर्यंत फिरत होती. म्हणजे दोघांसमोर रस्ता एकच, पण दोघांना दिसत होते ते वेगवेगळे.

रस्त्याच्या कडेला थांबलेल्या बसचे उदाहरण घ्या. नवशिक्याच्या लेखी ती एक अडचण असते, जिला वळसा घालून पुढे जायचे असते. मुरलेला चालक त्याच क्षणी बसच्या खालून पलीकडे कोणाचे पाय दिसतात का ते पाहतो, बसच्या तोंडापुढून कोणी धावत येईल असे गृहीत धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो आणि बसपासून जमेल तेवढे अंतर राखतो. कडेला लावलेल्या गाड्यांच्या रांगेत एखाद्या गाडीत चालकाच्या जागी कोणी बसलेले दिसले, किंवा तिचे पुढचे चाक रस्त्याकडे वळलेले दिसले, तर दार उघडेल किंवा ती गाडी निघेल हे त्याच्या मनात आधीच नोंदले जाते. विचारले तर आपण हे सारे केले हे त्याला सांगताही येणार नाही, इतके ते सवयीचे झालेले असते.

तरुणांचे अपघात म्हणजे बेदरकारपणाचे फळ, हा समज सर्वत्र आहे आणि तो काही अंशीच खरा आहे. अमेरिकेत १६ ते १९ वर्षे वयाच्या चालकांच्या दोन हजारांहून अधिक अपघातांचे विश्लेषण २००३ मध्ये मॅकनाइट यांच्या अभ्यासात प्रसिद्ध झाले. त्यात आढळले ते असे, की बहुसंख्य अपघातांच्या मुळाशी लक्ष नसणे, पुढे, मागे किंवा बाजूला पुरेसे न पाहणे आणि रस्त्याच्या स्थितीला न साजेसा वेग, ही साधी कारणे होती. भरधाव वेग किंवा उघड उघड धोका पत्करणे हे कारण तुलनेने थोड्या अपघातांत होते. म्हणूनच मुलगा समंजस आहे, भडक डोक्याचा नाही, एवढ्यावर पालकांनी निश्चिंत होऊ नये, असे माझे मत आहे. समंजस मुलालाही न दिसलेला धोका टाळता येत नाही.

नजर तयार करण्याचा एक उपाय घरच्या घरी करता येतो. मुलाला गाडी चालवताना आपण काय पाहतो आहोत ते मोठ्याने बोलायला सांगावे : पुढच्या गाडीचे ब्रेकचे दिवे लागले, उजवीकडच्या गल्लीच्या तोंडाशी सायकल आहे, सिग्नल बराच वेळ हिरवा आहे म्हणजे आता बदलेल. पहिल्या दिवशी त्याच्या बोलण्यातून काय सुटते ते ऐकले, की आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला मिळेल. आधी आपण स्वतः चालवताना असे बोलून दाखवले, तर मुलालाही संकोच वाटत नाही. ब्रिटनने नोव्हेंबर २००२ पासून परवान्याच्या लेखी परीक्षेला चित्रफितींवर आधारित धोका ओळखण्याची चाचणी जोडली. तिच्यात उमेदवाराला संभाव्य धोका किती लवकर जाणवतो हे मोजले जाते, आणि परीक्षेचा रोख हातावरून नजरेकडे वळवणारा तो मला अतिशय योग्य बदल वाटतो.

प्रश्न : माझी मुलगी शिकाऊ परवान्यावर असताना मी किंवा तिचे वडील कायम शेजारी बसत होतो आणि त्या काळात गाडीला साधा ओरखडाही आला नाही. आता तिला पक्का परवाना मिळाला आहे आणि ‘आता मला सोबतीची गरज नाही’, असे तिचे म्हणणे आहे. तिचे चुकते आहे असे ठामपणे म्हणता येत नाही, पण माझा जीव खालीवर होतो. आम्ही किती दिवस शेजारी बसावे?

उत्तर : आपला जीव खालीवर होतो त्याला भक्कम आधार आहे. शेजारी जाणते माणूस असताना शिकाऊ चालकाचे अपघात फार कमी होतात. आणि ज्या दिवशी ते माणूस उतरते व चालक एकट्याने निघतो, त्या दिवसापासून त्याच्या सबंध आयुष्यातला सर्वांत जोखमीचा काळ सुरू होतो. निरनिराळ्या देशांतील आकडेवारी काढून पाहिली तरी आलेखाचा आकार तोच येतो : एकट्याने चालवण्याच्या पहिल्या महिन्यात अपघातांचे प्रमाण शिखरावर, पुढच्या सहा-सात महिन्यांत झपाट्याने उतार, आणि त्यानंतर काही वर्षे संथ घसरण. या उताराला वय वाढणे हे कारण पुरत नाही, कारण सहा महिन्यांत कोणी फारसे मोठे होत नाही. हा उतार अनुभवाचा आहे.

मग शेजारी बसूनच सगळा अनुभव देता येईल का? काही प्रमाणात येतो. स्वीडनने १९९३ मध्ये सरावाला सुरुवात करण्याचे वय साडेसतरावरून १६ वर आणले, पण परवान्याचे वय १८च ठेवले. या सवलतीचा लाभ घेणाऱ्यांचा सराव सरासरी शंभर तासांच्या पुढे गेला, आधीच्या पद्धतीने शिकलेल्यांच्या दुपटीहून जास्त. आणि परवान्यानंतरच्या काळात त्यांचे अपघातही बरेच कमी झाले. त्यातला काही भाग अधिक जागरूक कुटुंबांनीच ही सवलत घेतल्यामुळे होता, हे तेथील संशोधकांनी स्वतःच नोंदवले. तरीही उरलेला फरक लहान नव्हता. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या राज्यांत तरुण शिकाऊ चालकांना १२० तासांच्या सरावाची नोंदवही भरावी लागते, ती याच विचाराने.

मात्र तासांच्या संख्येइतकेच त्या तासांत काय घडले हेही पाहावे लागते. घर ते महाविद्यालय या एकाच रस्त्यावर, स्वच्छ उजेडात आणि तुरळक वाहतुकीत शंभर तास काढले, तर मुलगी त्या एका रस्त्याची चालक होते. रात्र, पाऊस, महामार्गाला मिळणे आणि त्यातून बाहेर पडणे, दुपदरी रस्त्यावर समोरून वाहने येत असताना ओव्हरटेक करावे की न करावे याचा निर्णय, समोरून येणारा प्रवाह ओलांडून वळणे, अनोळखी गावात पाट्या वाचत जाणे, या प्रत्येक प्रसंगाचा पहिला अनुभव शेजारी कोणी असताना आलेला बरा. आणखी एक बारकावा असा, की शेजारी बसणारे बहुतेक पालक नकळत अर्धी गाडी स्वतःच चालवत असतात. ‘थांब’, ‘आता वळ’, ‘मागून ट्रक आहे’ अशा सूचना वेळेवर येत राहिल्या, की धोका हेरण्याचे काम आईकडे आणि चाक फिरवण्याचे मुलीकडे अशी वाटणी होऊन बसते. गाडीला ओरखडा आला नाही याचे श्रेय किती तुमच्या सूचनांचे आणि किती तिचे, हे पाहायचे असेल तर सुरक्षिततेला बाध येणार नाही इतपत गप्प बसून पाहा.

आता आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर. अमुक दिवस शेजारी बसावे आणि मग किल्ली हवाली करावी, असा विचारच करू नये. मोकळीक टप्प्याटप्प्याने द्यावी. न्यूझीलंडने १९८७ मध्ये परवाना देण्याची अशी पायरीपायरीची पद्धत प्रथम पूर्णपणे अमलात आणली. शिकाऊ परवाना, मग मर्यादित परवाना, मग पूर्ण परवाना, असे तिचे तीन टप्पे आहेत. मधल्या टप्प्यात चालक एकट्याने गाडी चालवू शकतो, पण रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत आणि गाडीत इतर प्रवासी असताना त्याला अनुभवी पर्यवेक्षकाची सोबत लागते. पुढे कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने १९९४ मध्ये, अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने १९९६ मध्ये आणि नंतर इतर अनेकांनी तिचे निरनिराळे अवतार स्वीकारले. जिथे ती लागू झाली तिथे सर्वांत लहान वयाच्या चालकांचे अपघात घटले, आणि निर्बंध जितके कडक तितकी घट अधिक, असे सर्वसाधारण चित्र आहे.

जिथे कायद्याने असे टप्पे नाहीत, तिथे ते घराने ठरवावेत. पहिले दोन-तीन महिने दिवसा, ओळखीच्या रस्त्यांवर आणि एकटीने. रात्रीचा, पावसातला किंवा लांबचा प्रवास घरच्यांपैकी कोणी सोबत असताना. मित्रमैत्रिणींना घेऊन जाणे सर्वांत शेवटी. हे आधीच बोलून ठरवले, शक्यतो लिहून काढले आणि कोणत्या महिन्यात कोणता निर्बंध उठणार हेही त्यात घातले, तर मुलीला तो अविश्वास वाटत नाही आणि रोज संध्याकाळी त्याच विषयावर वाद होत नाही.

प्रश्न : मुलाला एकट्याने गाडी नेऊ देण्यापेक्षा दोन-तीन मित्र सोबत असलेले बरे, काही झालेच तर मदतीला कोणी असेल, असे आमच्या घरात म्हणतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही, आणि या बाबतीत आपल्या घरातला तर्क आकडेवारीच्या अगदी उलट आहे. अमेरिकेतील १६ व १७ वर्षांच्या चालकांविषयीचा एक मोठा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. चालक एकटा असताना त्याच्या मृत्यूचा जो धोका असतो, तो एका प्रवाशाबरोबर वाढतो, दोघांबरोबर आणखी वाढतो आणि तीन किंवा अधिक प्रवासी असतील तर सुमारे तिपटीवर जातो, असे त्यात दिसले. प्रवासी समवयस्क आणि त्यातही मुलगे असतील तेव्हा धोका अधिक असतो, तर वयस्क प्रवाशाच्या उपस्थितीत तो कमी होतो.

याला मित्र उडाणटप्पूच असायला हवेत असे नाही. टेम्पल विद्यापीठातील मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात किशोर, तरुण आणि प्रौढ यांना संगणकावर गाडी चालवण्याचा एक खेळ खेळायला दिला होता. पिवळा दिवा लागल्यावर थांबायचे की आणखी थोडे पुढे जायचे, हे त्यात खेळणाऱ्याने ठरवायचे होते. एकट्याने खेळताना आणि दोस्तांच्या देखत खेळताना किशोरांच्या वागण्यात ठळक फरक पडला, प्रौढांच्या वागण्यात जवळपास पडला नाही. गाडीत कोणी चिथावणी दिली नाही तरी बघणारे डोळे असतातच. शिवाय नवख्या चालकाचे लक्ष मुळातच पुरे पडत नसते. त्यात गप्पा, गाणी आणि मागच्या सीटवरचा हशा यांना वाटा द्यावा लागतो.

मित्रांसह फिरणे बहुधा रात्री होते, आणि रात्री अंधाराच्या जोडीला झोपही येते. सलग सतरा ते एकोणीस तास जागे असलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतक्या मंदावतात, असे प्रयोगांत आढळले आहे. सकाळी सहाला उठलेला मुलगा रात्री बारा वाजता मित्रांना घरी सोडायला निघाला, तर थेंबही न घेता तो त्या अवस्थेच्या जवळ पोहोचलेला असतो. मद्य घेतले असेल तर प्रश्नच मिटला : तेवढ्याच प्रमाणातल्या मद्याने नवख्या तरुणाचा धोका अनुभवी चालकापेक्षा अधिक वाढतो, आणि म्हणूनच अनेक देशांत नव्या चालकांसाठी मद्याची मर्यादा शून्य किंवा जवळपास शून्य ठेवली आहे.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे. मी गाडी वेगात चालवतो हे मान्य करतो, पण माझा ताबा कधी सुटत नाही. या वयात प्रतिक्रिया सर्वांत जलद असतात, हे विज्ञानच सांगते. घसरणारी गाडी सावरण्याचे खास प्रशिक्षण घेतले, तर वेगाबद्दल घरच्यांची तक्रार उरू नये, असे मला वाटते. आपले मत काय?

उत्तर : तुझ्या प्रतिक्रिया तुझ्या वडिलांपेक्षा जलद असतील, यात शंका नाही. पण प्रतिक्रिया सुरू होते ती धोका लक्षात आल्यानंतर, आणि नवख्या चालकाला तो उशिरा लक्षात येतो. दोन दशांश सेकंद लवकर ब्रेक दाबणारा पाय एक सेकंद उशिरा पाहणाऱ्या डोळ्यांची भरपाई करू शकत नाही.

आता वेगाचे गणित स्वतःच करून पाहा. दोन गाड्या शेजारीशेजारी चालल्या आहेत, एक ताशी ५० किलोमीटर वेगाने आणि दुसरी ६०. रस्ता कोरडा आहे. समोर कोणी अचानक आले आणि दोन्ही चालकांना ब्रेक लावेपर्यंत दीड सेकंद लागला. तेवढ्यात पहिली गाडी सुमारे २१ मीटर आणि दुसरी २५ मीटर पुढे गेली. चांगल्या टायरांना मिळणारी पकड धरली, तर पहिली गाडी ब्रेक लावल्यावर आणखी १४ मीटरांत, म्हणजे एकूण ३५ मीटरांवर उभी राहते. त्याच ३५व्या मीटरवर दुसऱ्या गाडीचा वेग किती असेल? पाच-दहा किलोमीटर असावा, असा बहुतेकांचा अंदाज असतो. तो ताशी सुमारे ४३ किलोमीटर असतो. जिथे पहिली गाडी पादचाऱ्याला धक्काही न लावता थांबली, तिथे दुसरी त्याचा जीव घेऊ शकेल अशा वेगात आहे, आणि दोन्ही चालकांचा गाडीवर ताबा पूर्ण होता. सरासरी वेगात एक टक्का वाढ झाली की प्राणघातक अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यामागे हेच भौतिकशास्त्र आहे.

घसरणारी गाडी सावरण्याच्या प्रशिक्षणाबद्दल तुझी कल्पना सुज्ञपणाची वाटते, आणि नॉर्वेलाही एकेकाळी तशीच वाटली होती. तेथे १९७९ मध्ये नव्या चालकांसाठी निसरड्या रस्त्यावरचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. त्यानंतर तरुण पुरुषांचे अपघात कमी होण्याऐवजी वाढले. स्वीडनमधील निल्स पेटर ग्रेगर्सन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून त्याचे कारण उमगते. त्यांनी शिकाऊ चालकांचे दोन गट केले. एकाला निसरड्या पृष्ठभागावर ब्रेक लावून गाडी वळवण्याचे कौशल्य शिकवले, दुसऱ्याला आपल्या कौशल्याची मर्यादा किती लवकर येते याचा अनुभव दिला. नंतरच्या चाचणीत दोन्ही गटांचे प्रत्यक्ष कौशल्य सारखेच निघाले. फरक एवढाच, की पहिल्या गटाला आपण अधिक कुशल आहोत असे वाटत होते.

प्रशिक्षण जरूर घे, पण वेगाची मुभा मिळवण्यासाठी नको. तुझ्या घरच्यांची तक्रार मला रास्त वाटते.

प्रश्न : भावाने नुकतीच मोटारसायकल घेतली आहे. त्याचा परवाना दोन वर्षांचा जुना आहे, पण आतापर्यंत तो स्कूटरच चालवत होता. तो नवशिका धरावा का?

उत्तर : त्या मोटारसायकलपुरता तरी धरावा. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातील मोटारसायकलींच्या सुमारे नऊशे अपघातांची घटनास्थळी जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. अपघातग्रस्त चालकांना रस्त्यावर दुचाकी चालवण्याचा सरासरी अनुभव जवळपास तीन वर्षांचा होता. पण ज्या मोटारसायकलवर अपघात झाला, तिचा अनुभव निम्म्याहून अधिक जणांना पाच महिन्यांहून कमी होता. वजन, वळताना गाडी झुकण्याची तऱ्हा, ब्रेकची पकड, सारेच वाहन बदलले की बदलते.

हर्ट यांना आणखी एक गोष्ट वारंवार आढळली : संकट समोर येताच चालक मागचा ब्रेक जोरात दाबून मागचे चाक घसरवत होते आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरतच नव्हते. मोटारसायकल थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, कारण ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येते. पुढच्या ब्रेकची भीती बाळगत शिकलेला माणूस अडचणीच्या वेळी तो दाबत नाही, किंवा एकदम आवळतो. मोकळ्या मैदानात किंवा रिकाम्या रस्त्यावर गाडी सरळ ठेवून, पुढचा ब्रेक आधी हलका आणि मग वाढता दाब देत लावण्याचा सराव भावाने कमी वेगापासून करावा आणि हळूहळू वेग वाढवत न्यावा. नव्या गाडीला अँटिलॉक ब्रेक (जोरात दाबले तरी चाक जाम होऊ न देणारे) असतील, तर त्यांचा थरथराट मुठीला आधी ओळखीचा व्हायला हवा. त्याच अहवालात दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांश टकरींत चूक समोरच्या वाहनचालकाची होती. बहुतेकांनी मोटारसायकल पाहिलीच नव्हती, किंवा फार उशिरा पाहिली. तेव्हा चौकात समोरच्याने आपल्याकडे पाहिले म्हणजे त्याला आपण दिसलो, असे भावाने धरून चालू नये. हेल्मेट चांगल्या प्रतीचे असावे आणि त्याचा पट्टा बांधलेला असावा. हनुवटीखाली लोंबणारा पट्टा पाहिला की माझा तरी संताप होतो.

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे आणि आता गाडी शिकते आहे. हे सारे मलाही लागू होते का?

उत्तर : अनुभवाचा भाग लागू होतो, वयाचा फारसा नाही. उशिरा शिकणाऱ्यांचाही पहिला काळ जोखमीचा असतो, परंतु त्यांचे शिखर सतरा-अठरा वर्षांच्या चालकांपेक्षा बरेच खाली असते. २५ वर्षांखालील पुरुषांचा रस्त्यावर मृत्यू होण्याचा धोका त्याच वयाच्या स्त्रियांच्या जवळपास तिप्पट असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आहेत, आणि आपण त्या गटाच्या दोन्ही अंगांनी बाहेर आहात. आपल्याला खरी अडचण येईल ती वेगळीच : मागचा अधीरपणे हॉर्न वाजवतो म्हणून घाईने चौकात शिरणे. त्याला खुशाल वाजवू द्या.

प्रश्न : मुलगी सुरुवातीला फोन बंद करून पर्समध्ये ठेवायची. आता वर्ष होत आले आणि सिग्नलला फोन हातात दिसतो, कधी चालत्या गाडीतही. ‘आता मला जमते’, असे म्हणते. ती सुरुवातीला सावध होती, म्हणजे जोखमीचा काळ टळला असे समजावे का?

उत्तर : तसे समजू नये. व्हर्जिनियात परवाना नुकताच मिळालेल्या ४२ चालकांच्या गाड्यांत कॅमेरे आणि संवेदक बसवून दीड वर्ष त्यांचे निरीक्षण केले गेले. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. फोनवर क्रमांक लावणे, फोनसाठी हात लांब करणे, संदेश लिहिणे, इतकेच काय, रस्त्याकडेच्या वस्तूकडे पाहणे आणि खाणे यांनीही नवख्यांच्या अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका स्पष्टपणे वाढला. अनुभवी चालकांमध्ये अशी वाढ केवळ क्रमांक लावण्याच्या बाबतीत ठळकपणे आढळली. आणि आपल्या पत्राशी थेट जुळणारी गोष्ट अशी, की नवखे चालक सुरुवातीला अशा उद्योगांपासून दूर राहत होते, पण महिने सरत गेले तसे त्यांचे प्रमाण वाढत गेले.

फोन पर्समध्ये ठेवणेही पुरेसे नाही, कारण तो वाजला की हात तिकडे जातो, आणि हात लांब करतानाच नजर रस्त्यावरून हटते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना दोन सेकंद नजर हटली, तर गाडी ३३ मीटर अंतर न पाहता कापते. गाडी सुरू करण्यापूर्वी फोन मूक करून मागच्या सीटवर ठेवावा. याच्या जोडीला एक पथ्य पालकांसाठी : मुलगी गाडीवर आहे हे माहीत असताना तिला ‘कुठे पोहोचलीस’ असे विचारायला फोन करू नये. तिने फोन उचलला नाही म्हणून नंतर रागावणे तर त्याहून वाईट.

प्रश्न : मुलाने परवाना मिळाल्यानंतर दुसऱ्याच महिन्यात पुढच्या गाडीला मागून धडक दिली. कोणाला लागले नाही, बंपर तेवढा गेला. वडिलांनी किल्ली काढून घेतली असून वर्षभर गाडीला हात लावायचा नाही, असे बजावले आहे. मला हे जास्त वाटते. आपण काय सुचवाल?

उत्तर : वर्षभर गाडी बंद ठेवल्याने वर्षभराचा अनुभव बुडतो आणि पुढच्या वर्षी मुलगा पुन्हा त्याच पहिल्या महिन्यापासून सुरुवात करतो. काही दिवस किल्ली ठेवून घेणे समजू शकते. त्याहून अधिक काळ ठेवण्याने काय साधेल, ते मला दिसत नाही.

मागून दिलेली धडक ही नवशिक्यांच्या अपघातांतली नेहमीची तऱ्हा आहे आणि तिच्या मागे बहुधा दोनच गोष्टी असतात : पुढच्या गाडीपासून अंतर कमी राखणे आणि नजर त्या एकाच गाडीवर खिळवून ठेवणे. वडिलांनी आणि मुलाने मिळून, राग ओसरल्यावर, त्या जागी जाऊन घडले ते क्रमाने आठवावे. पुढची गाडी का थांबली? तिच्याही पुढे काय होते, आणि ते मुलाला किती आधी दिसू शकले असते? रस्ता ओला होता का, गाडीत आणखी कोण होते, फोन कुठे होता? उत्तरे खरी मिळायची असतील तर ही उलटतपासणी होता कामा नये.

त्यानंतर दोन-तीन आठवडे पुन्हा शेजारी बसावे आणि अंतराचा सराव करून घ्यावा. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून किंवा पाटीजवळून गेली की मुलाने मनात सेकंद मोजायला सुरुवात करावी. आपली गाडी तिथे पोहोचेपर्यंत किमान दोन सेकंद गेले पाहिजेत, आणि पावसात त्याच्या दुप्पट. असे अंतर ठेवले की मध्ये कोणी ना कोणी घुसतोच, अशी तक्रार मुलगा करील आणि ती खरी असेल. कोणी घुसला तर पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून पुन्हा तेवढेच अंतर पाडून घ्यायचे, हेही त्या सरावातच बसवून घ्यावे.